डेस्कटॉप सुरू होता होताच बंद पडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

बटण दाबलं, पंखे फिरले, कंपनीचा लोगो आला, विंडोजचं ते गोल फिरणारं चक्र आलं आणि फटकन सगळं काळं होऊन परत पहिल्यापासून सुरू, असं चारपाच वेळा झालं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, अरे दुकानात टाक, फॉरमॅट मारून देतील. आपल्याकडे फॉरमॅट म्हणजे जुन्या दवाखान्यातलं बाटलीतलं लाल औषध झालंय, खोकला असो नाहीतर पाय मुरगळलेला असो, तेच. पण रॅम खराब असेल तर नवीन विंडोज टाकतानाच ते मध्ये आपटणार, एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, गेलेला असेल तर फॉरमॅटने काडीचा फरक पडत नाही, आणि हार्डडिस्क शेवटच्या घटका मोजत असेल तर या नादात फोटो, टॅलीचा डेटा, पोरांचे प्रोजेक्ट सगळं जाईल. म्हणून आधी मशीन नक्की कुठे अडतंय ते शोधायचं. निम्मं काम तिथेच होतं आणि त्याला पैसे लागत नाहीत.

आधी नुसतं बघा

मोबाईलवर व्हिडिओ चालू करा आणि पीसी ऑन करा. व्हिडिओ यासाठी की एरर सेकंदभरच दिसते, नंतर पॉज करून वाचता येते. आता मशीन कुठपर्यंत जातं ते बघा.

पंखा दोन सेकंद फिरून बंद पडतो आणि आपोआप परत फिरतो, किंवा पंखे चालू राहतात पण स्क्रीन काळीच, तर विंडोजचा अजून संबंधच आलेला नाही, सगळा संशय वीज, रॅम, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड यांच्यावर. लोगो येतो पण पुढे बूट डिव्हाइस सापडत नाही असा मेसेज येतो, तर डिस्क, तिची केबल किंवा बायोसची, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रामची, सेटिंग. चक्र फिरतं आणि मग निळी स्क्रीन येते तर बहुतेक वेळा ड्रायव्हर, अपडेट किंवा विंडोजच्या फाइल्स, पण रॅम आणि डिस्कसुद्धा इथेच नाटकं करतात हे डोक्यात ठेवा. (नवीन विंडोज ११ मध्ये २०२५ पासून ही निळी स्क्रीन काळी झाली आहे, त्यामुळे काळी स्क्रीन दिसली तर तिच्यावर काही लिहिलंय का ते नीट बघा.) आणि लॉगिन होऊन डेस्कटॉप दिसला आणि मिनिटभरात मेलं, तर आपोआप सुरू होणारं एखादं सॉफ्टवेअर, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नाहीतर उष्णता.

आता माझी सगळ्यात आवडती टेस्ट, फुकट आहे आणि कोणीच करत नाही. पीसी ऑन करताक्षणी डिलीट किंवा एफ२ की टकटक दाबत राहा, बायोसचा स्क्रीन उघडेल. काहीही बदलू नका, तसाच अर्धा तास सोडून द्या. बायोसमध्ये बसल्या बसल्यासुद्धा मशीन बंद पडलं तर विंडोज निर्दोष आहे, हार्डवेअर बघायचं. अर्धा तास आरामात चाललं तर संशय विंडोज, डिस्क, ड्रायव्हर या बाजूला जास्त सरकतो, अगदी शंभर टक्के नाही पण बराच. तिथे असताना सीपीयूचं तापमान बघून घ्या, ४०-५० डिग्रीच्या आसपास असेल तर ठीक, डोळ्यांदेखत ८०-९० कडे चढत असेल तर कूलर नीट बसलेला नाहीये किंवा त्याचा पंखा थांबलाय. तारीख वेळ बरोबर आहे का तेही बघा, ते का ते पुढे सांगतो.

आणि स्वतःला विचारा की हे सुरू व्हायच्या आधी काय बदललं होतं. नवीन रॅम टाकली, घर शिफ्ट केलं, लाईट जाऊन झटक्यात आली, अपडेट चालू असताना कोणीतरी बोर्डावरचं बटण बंद केलं, असं काही आठवलं तर तिथूनच सुरुवात करा.

बाहेरचं आधी

कॅबिनेट उघडायची घाई नको. कीबोर्ड, माऊस, मॉनिटर सोडून सगळं काढा, प्रिंटर, पेनड्राइव्ह, वेबकॅम, यूएसबी हब, सगळं. एखादा शॉर्ट झालेला यूएसबी डोंगल अख्खं मशीन अडवून ठेवू शकतो.

मग यूपीएस. घरोघरी तो छोटा ६०० व्हीएचा यूपीएस असतो, त्याची बॅटरी दोनतीन वर्षांत दमते आणि पीसी सुरू होताना जो एकदम लोड येतो त्याला तो टिकत नाही, खास करून ग्राफिक्स कार्ड असेल तर. यूपीएस बाजूला ठेवून केबल सरळ भिंतीच्या सॉकेटला लावून बघा, दुसरी पॉवर केबल असेल तर तीही बदला. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातलं अर्थिंग तपासा, ते इलेक्ट्रिशियनचं काम आहे आणि ते आधी करा.

मॉनिटरची केबल कुठे लावलीय तेही बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डाला लागते, मदरबोर्डाला नाही, साफसफाई करून परत जोडताना हे हमखास चुकतं आणि मग "डिस्प्ले गेला" म्हणून बोंब.

आता कॅबिनेट उघडा

सॉकेटचं बटण बंद, केबल काढलेली, मग पीसीचं पॉवर बटण दहापंधरा सेकंद दाबून ठेवा म्हणजे आत राहिलेला चार्ज निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा आणि मगच आतल्या पार्टना. एक गोष्ट मात्र अजिबात उघडायची नाही ती म्हणजे एसएमपीएस, त्याच्या आतल्या कॅपॅसिटरमध्ये केबल काढल्यानंतरही जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो.

पहिल्यांदा नुसते डोळे वापरा. धूळ किती आहे, सीपीयूचा पंखा वायरमध्ये अडकलाय का, मदरबोर्डवरच्या कॅपॅसिटरची डोकी फुगलीत का. कोकणात नाहीतर मुंबईत पावसाळ्यानंतर कनेक्टरवर हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड दिसते, ती धातू खराब झाल्याची खूण. मुंग्या, झुरळं, पाली हे सगळे उबेला येऊन बसतात, हसू नका, पॉवर सप्लायमध्ये भाजलेली पाल कुठल्याही जुन्या रिपेअरवाल्याने पाहिलेली असते.

धूळ मऊ ब्रशने नाहीतर ब्लोअरने काढा, पण ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरला तर त्याची बेअरिंग जाते.

मग रॅम. माझ्या अंदाजाने स्क्रीन न येण्याच्या तक्रारीत सगळ्यात आधी हिलाच पकडावं. दोन्ही बाजूच्या क्लिपा दाबून काठी काढा, खालच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापडाने पुसा, ते नसेल तर आपला साधा पेन्सिलीचा खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि चुरा पूर्ण झटका. परत बसवताना दोन्ही क्लिपांचा कट्ट आवाज यायला पाहिजे, नवीन लोक घाबरून अर्धवटच बसवतात. दोन काठ्या असतील तर एकच लावून सुरू करा, मग दुसरी एकटी. चार स्लॉट असतील तर एकटी काठी बहुतेक बोर्डांवर सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लागते. एका काठीवर चालतं आणि दुसरीवर नाही, तर चोर सापडला. दोन्हीवर एका ठराविक स्लॉटमध्येच चालतं, तर स्लॉट किंवा बोर्ड. आणि मशीन डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमवालं असेल तर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, घाबरून बटण बंद करू नका, चहा करून या.

बोर्डवर छोटे दिवे असतील, सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (म्हणजे ग्राफिक्स), बूट असं बाजूला लिहिलेले, तर जो दिवा पेटून तसाच राहतो तिथे अडलंय. दिवे नसतील पण छोटा स्पीकर असेल तर बीप मोजा आणि त्या मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघा, प्रत्येक कंपनीची बीपची भाषा वेगळी असते त्यामुळे कुठलातरी तक्ता बघून अंदाज लावू नका.

ग्राफिक्स कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डाला लावून बघा, पण सीपीयूमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असतील तरच याचा उपयोग. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर नसतात.

सीपीयूचा कूलर हलवून बघा. इंटेलसोबत फुकट येतो त्याला प्लास्टिकच्या चार पिना असतात आणि शिफ्टिंगमध्ये एखादी पिन सुटली की कूलर एका बाजूने उचलला जातो, मग मशीन सुरू होऊन मिनिटभरात स्वतःला वाचवायला बंद होतं. कूलर काढलाच तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावल्याशिवाय परत बसवू नका.

आता एक असं कारण ज्यात लोकांचा मदरबोर्ड बदलला जातो आणि दोष असतो बटणाचा. कॅबिनेटच्या पुढचं पॉवर बटण आत अडकून दाबलेलंच राहिलं तर पीसी सुरू होतो आणि चारपाच सेकंदांत बंद होतो, कारण बटण एवढा वेळ दाबलं की मशीन बंद करायचं असंच ठरलेलं असतं. रीसेटचं बटण अडकलं तर तो सुरूच होत नाही किंवा सारखा रीस्टार्ट मारतो. मदरबोर्डच्या कोपऱ्यात या दोन्ही बटणांच्या बारीक वायरी लागलेल्या असतात, त्या काढा आणि पॉवरच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा, पिना कुठल्या ते मॅन्युअलमध्ये बघूनच. असं केल्यावर व्यवस्थित चालू राहिला तर नवीन बटण लावा, किंवा रीसेटची वायर पॉवरच्या जागी लावून काम भागवा.

एसएमपीएसची घरच्या घरी खात्रीची टेस्ट म्हणजे मित्राकडून दुसरा आणून लावणं. बायोसमध्ये व्होल्टेज दिसत असतील तर १२ व्होल्टची लाईन ११.४ ते १२.६ च्या मध्ये पाहिजे, पण ते आकडे ढोबळच समजा. सीपीयूजवळचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा पॉवर कनेक्टर लागलाय ना हे बघा, मोठा २४ पिनांचा लावून लोक हा विसरतात. कॅबिनेटसोबत फुकट आलेला नाव नसलेला एसएमपीएस असेल तर मी त्याच्यावर कधीच विश्वास ठेवत नाही, तो जाताना बाकीच्यांना घेऊन जातो.

बायोसचा सेल

मदरबोर्डवर नाण्यासारखा सीआर२०३२ सेल असतो, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो. पाचसहा वर्षं जुन्या मशीनमध्ये तो संपला की बायोस सगळ्या सेटिंग विसरतं आणि तारीख भलतीच जुनी दिसते, म्हणून मघाशी तारीख बघायला सांगितलं. इथपर्यंत ठीक, पण खरी गंमत अशी की सेटिंग मूळ पदावर जाताना डिस्कचा मोड, म्हणजे बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत, बदलू शकतो, म्हणजे विंडोज टाकलं तेव्हा एएचसीआय होता आणि आता रेड किंवा आयडीई झाला, आणि मग चक्र फिरून "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" अशी निळी स्क्रीन. लोक डिस्क बदलतात. सेल बदला, मोड पहिल्यासारखा करा, झालं. सेल काढायच्या आधी बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. रॅमचा एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे ती जास्त स्पीडला पळवणारी सेटिंग, चालू असेल तर बंद करून बघा, जास्त स्पीडच्या नादात बरीच मशीन्स सकाळी थंड असताना अडतात.

थांबा, सेल काढण्याआधी किंवा बायोस बदलण्याआधी अजून एक. विंडोज ११ वाल्या बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते, मालकाला पत्ताही नसतो, आणि बायोसमध्ये ढवळाढवळ झाली की ती बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाची ४८ आकडी रिकव्हरी की मागते. मोबाईलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जा, डिव्हाइसच्या माहितीत ती की सापडते, कागदावर लिहून घ्या. कंपनीचं मशीन असेल तर ती आयटीवाल्यांकडे असते. की नसेल तर डेटा गेला समजा, दुकानदारही काही करू शकत नाही.

हार्डवेअर ठीक असेल तर विंडोज

विंडोजचं चक्र दिसताक्षणी पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा, असं दोनतीनदा केलं की पुढच्या वेळी ते स्वतःच रिपेअरच्या निळ्या मेनूत जातं. एरवी असं बंद करू नये, पण इथे तोच रस्ता आहे. तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स.

आधी डेटा वाचवा, बाकी सगळं नंतर. याच मेनूत कमांड प्रॉम्प्ट आहे, तो उघडून नोटपॅड टाईप करा आणि एंटर मारा. नोटपॅड उघडलं की फाईल, ओपन, आणि खाली फाईलचा प्रकार ऑल फाइल्स करा, म्हणजे त्या छोट्या खिडकीत अख्खी डिस्क दिसते, फोल्डरवर राईट क्लिक करून कॉपी, पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट. किती कॉपी झालं ते दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, वाट बघा. आणि तुमची सी ड्राइव्ह इथे डी किंवा ई म्हणून दिसू शकते, गोंधळू नका.

डेटा निघाला की स्टार्टअप रिपेअर एकदा चालवा, लागलं तर लागलं. अपडेटनंतर सुरू झालेला प्रकार असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स मधून शेवटचं क्वालिटी अपडेट काढा. सिस्टम रीस्टोअरचा पॉइंट असेल तर तो वापरा. हे सगळं फसलं तर स्टार्टअप सेटिंग्ज उघडून रीस्टार्ट करा, आकड्यांची यादी येईल, ९ दाबलं की क्रॅशनंतरचा आपोआप रीस्टार्ट बंद होतो आणि एरर निवांत वाचता येते, ४ दाबलं की सेफ मोड.

सेफ मोडमध्ये चालतं आणि एरवी नाही, तर ही आनंदाची बातमी आहे, बहुतेक एखादा ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर आडवं आलंय. १९ जुलै २०२४ आठवतंय का, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देत होते तो दिवस? क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेट फाईलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स अशीच सुरू होता होता आपटत होती, हार्डवेअर सगळ्यांचं ठणठणीत, आणि इलाज काय तर सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाईल डिलीट करणं. फॉरमॅटची गरज नव्हती. ज्यांच्याकडे बिटलॉकरची की नव्हती ते मात्र अडकून बसले.

तर सेफ मोडमध्ये नुकतंच टाकलेलं सॉफ्टवेअर काढा, दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून टाका, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधलं सगळं बंद करा. मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून एसएफसी, एक स्पेस, आणि स्लॅशला चिकटून स्कॅननाऊ, याने विंडोजच्या बिघडलेल्या फाइल्स दुरुस्त होतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल पॉवर ४१ दिसलं म्हणून एसएमपीएस विकत आणू नका, मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच ते सांगतं, का ते नाही.

अजून एक छोटी गोष्ट, शटडाऊन करून सुरू केल्यावर क्रॅश होतं पण रीस्टार्ट केल्यावर मस्त चालतं असं असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करून बघा. तो चालू असताना शटडाऊन पूर्ण होत नाही, अर्धी सिस्टम डिस्कवर साठवून ठेवली जाते, रीस्टार्ट मात्र खरा असतो.

तरीही कळत नसेल तर

दुसऱ्या कोणाच्या पीसीवर रूफस या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी लिनक्स सिस्टम, टाका, ८ जीबीचा पुरतो, आणि इन्स्टॉल न करता नुसतं वापरून बघा. तासभर यूट्यूब वगैरे चालवूनही मशीन शाबूत राहिलं तर हार्डवेअर बरंचसं सुटलं, फक्त डिस्क सोडून. रॅमसाठी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर लावा, एकसुद्धा एरर आली तरी काठी नापास, "एकच तर आहे" असं नसतं.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो, हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर. पिवळं किंवा लाल दाखवलं, रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कचे खराब झालेले किंवा संशयित तुकडे, वाढत चालले असतील तर ती बदलायचीच. आणि अशा डिस्कवर डेटा काढायच्या आधी विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवू नका, ते पूर्ण डिस्क घासून काढतं आणि उरलेला जीवही जातो. कधीकधी नुसती डिस्कची साटा केबल सैल असते, शंभर दीडशे रुपयांची, ती आधी बदला.

एवढं करून हार्डवेअर ठीक आणि विंडोजच गेलं असं ठरलं तर मग खुशाल विंडोजचा रीसेट मारा, आधी कीप माय फाइल्सवालं, त्यात सॉफ्टवेअर जातात पण तुमच्या फाइल्स राहतात. नवीनच टाकणार असाल तर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय हे लक्षात घ्या.

आणि मदरबोर्ड किंवा सीपीयूवर येऊन गाडी अडली तर दुकान गाठा, लॅमिंग्टन रोड असो, बुधवार पेठ असो नाहीतर तुमच्या गावातला ओळखीचा. आधी बिलं शोधा, असेंबल्ड पीसीत प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी असते. फक्त कॅबिनेट घेऊन जा, मॉनिटर कीबोर्ड नको. तो मघाशी काढलेला व्हिडिओ दाखवा आणि काय काय करून बघितलं ते सांगा, "चालत नाहीये" एवढंच सांगितलं की तो फॉरमॅटपासूनच सुरू करणार. डेटाला हात लावायचा नाही हे पावतीवर लिहून घ्या, आणि जो पार्ट बदलेल तो जुना पार्ट परत मागा.